उंची न वाढवलेल्या पिकअपला मोठे टायर : माप आणि नियम दोन्ही स्पष्ट हवेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मृगाच्या तोंडावर कोकणात एक दृश्य गेल्या काही वर्षांत नेहमीचे झाले आहे. ज्यांच्याकडे फोर-बाय-फोर पिकअप आहे ते बागायतदार, चिरेखाणवाले, लहान कंत्राटदार आणि आता पर्यटनाच्या धंद्यात उतरलेली मुले आगोटीच्या इतर कामांबरोबर गाडीचे टायर बदलायलाही घाटावर जातात आणि मडगार्डच्या बाहेर डोकावणारी काळी, रुंद चाके लावून परत येतात. गाडीची उंची मात्र कंपनीने दिली तेवढीच असते. मीही त्यांच्यातलाच एक होतो. त्या हौसेत माझे पैसे गेले त्याबद्दल तक्रार करण्यासाठी हे पत्र नाही. पण टायर आणि रिम निवडताना जे आधी मोजायला हवे होते ते मी नंतर मोजले, आणि या विषयावर मराठीत साध्या शब्दांत लिहिलेले काही मला सापडले नाही, म्हणून आपल्या पत्रस्तंभाचा आधार घेत आहे.

माझी बाग राजापूर तालुक्यात सड्यावर आहे. डांबरी रस्ता सोडल्यावर बागेपर्यंतचा शेवटचा दीड किलोमीटर जांभ्याचा आहे : उन्हाळ्यात कातळाच्या धारदार कपच्या, पावसात तांबडा चिकण गारा, आणि मध्ये ओलांडायला एक पऱ्या. गाडी २०१८ सालची इसुझु व्ही-क्रॉस. ही गाडी २०१६ मध्ये भारतात आली तेव्हा तिला २४५/७० आर १६ या मापाचे टायर होते. पुढे वरच्या प्रकारांना २५५/६० आर १८ आले. टोयोटाची हायलक्स आपल्याकडे २०२२ मध्ये आली, तिच्या वरच्या प्रकाराला २६५/६० आर १८ आहेत. ही मापे मुद्दाम देतो आहे, कारण टायरच्या दुकानात बोलणे मापापासून सुरू होत नाही, मोबाइलवरच्या फोटोपासून सुरू होते.

माप वाचायला अवघड नाही. २४५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी, ७० म्हणजे त्या रुंदीच्या शेकडा सत्तर इतकी टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, आणि १६ हा रिमचा इंचातला व्यास. शाळेतल्या गणिताने माझ्या मूळ टायरचा पूर्ण व्यास सुमारे ७४९ मिलिमीटर येतो. दुकानदाराने सुचवलेला टायर होता २६५/७५ आर १६. त्याचा व्यास सुमारे ८०४ मिलिमीटर. फरक ५५ मिलिमीटर, म्हणजे शेकडा सव्वासात. ‘दोन इंच उंची वाढेल,’ असे मला सांगण्यात आले आणि व्यास खरोखरच दोन इंचांनी वाढत असल्याने मला त्यात काही चूक दिसली नाही. परंतु चाकाचा आस मध्यावर असतो. त्यामुळे व्यास दोन इंचांनी वाढला तर गाडी एकच इंच उचलली जाते. उरलेला एक इंच वरच्या बाजूला, चाकाच्या कमानीत शिरतो, आणि पुढचा सगळा त्रास त्या इंचाचा असतो.

त्रासाचा दुसरा निम्मा भाग रिमचा होता. माझ्या मूळ रिमच्या आतल्या बाजूला ‘७ जे’ असे कोरलेले आहे, म्हणजे रिम सात इंच रुंद. त्याच्याच जवळ ‘ईटी’ ही अक्षरे आणि पुढे तिसाच्या घरातला एक आकडा आहे. हा आकडा म्हणजे ऑफसेट : रिम जिथे हबला, म्हणजे ज्यावर चाक बोल्टने आवळतात त्या भागाला, टेकते ती जागा रिमच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर बाहेर आहे ते माप. आकडा जितका मोठा तितके चाक गाडीच्या पोटात. आकडा कमी झाला की चाक बाहेर येते. मला दिलेल्या नव्या लोखंडी रिम आठ इंच रुंद आणि शून्य ऑफसेटच्या होत्या. तिसाचा फरक आणि रुंदीत वाढलेल्या इंचाचा निम्मा भाग मिळवला, तर चाकाची बाहेरची कड चार सेंटीमीटरहून अधिक बाहेर सरकली. दिसायला ते रुबाबदार दिसते, हे मी आजही नाकारत नाही.

बाहेर सरकलेले चाक स्टिअरिंग वळवल्यावर जागच्या जागी वळत नाही, ते मोठ्या कमानीत फिरते. पुढे बंपरच्या कोपऱ्याकडे आणि मागे मडफ्लॅपकडे त्याचा झोक वाढतो. दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर, गाडी रिकामी असताना, दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहिले तेव्हा काहीही घासले नव्हते. आठवडाभराने खताच्या गोण्या भरून अणुस्कुरा घाट उतरत होतो. एका तीव्र वळणावर ब्रेक दाबलेला, स्टिअरिंग जवळजवळ पूर्ण वळलेले, आणि नेमक्या तिथेच खड्डा. गाडीचे नाक खाली बसले आणि डाव्या चाकाने आतले प्लॅस्टिकचे अस्तर अशा आवाजाने ओरबाडले की शेजारी बसलेल्या गड्याने दाराला हात घातला. पाचलला उतरून पाहिले, तर अस्तराला तळहाताएवढे भोक पडले होते, मडफ्लॅपचा एक स्क्रू उपटला होता आणि टायरच्या खांद्यावरच्या नव्या रबरी गोट्यांच्या कडा चाकूने तासल्यासारख्या झाल्या होत्या. पूर्ण वळण आणि पूर्ण दाबलेले सस्पेंशन या दोन गोष्टी एकत्र आल्याशिवाय टायर घासतो की नाही हे कळत नाही, आणि दुकानासमोर त्या कधीच एकत्र येत नाहीत. ज्याला खात्री करायची असेल त्याने एक पुढचे चाक दगडांच्या थरावर किंवा बांधावर चढवून, त्या बाजूचे सस्पेंशन दाबून, मग स्टिअरिंग टोकापर्यंत फिरवावे. पाच मिनिटांचे काम आहे.

यावर मला मिळालेला सल्ला होता : लिफ्ट किट, म्हणजे सस्पेंशनमध्ये भर घालून गाडी उंच करणारा संच, बसवा. हा सल्ला सर्वत्र मिळतो, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहितो. लिफ्ट किटने गाडी उभी असताना टायर आणि कमान यांच्यामधले अंतर वाढते हे खरे. पण चाक वर जास्तीत जास्त कुठपर्यंत जाईल हे सस्पेंशनचा रबरी ठोकळा, म्हणजे बंपस्टॉप, ठरवतो, आणि तो जिथल्या तिथेच राहतो. जोरात खड्डा बसला की लिफ्ट केलेल्या गाडीचे चाकही त्याच ठोकळ्यापर्यंत जाते आणि त्याच जागी घासते. इतकेच की तसा प्रसंग कमी वेळा येतो. पूर्ण वळणावर मागच्या बाजूला घासणारा टायर तर लिफ्टने जवळजवळ सुधारतच नाही, कारण तो अडथळा उंचीचा नसून ऑफसेटचा आहे. उलट, आपल्या पिकअपचा मागचा आस सलग आहे. त्याच्या मध्यावरचा डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरचा, गोळा हा दगडाला लागणारा सर्वांत खालचा भाग, आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांखाली कितीही ठोकळे घातले तरी तो गोळा एक मिलिमीटरही वर येत नाही. तो उचलतो फक्त मोठा टायर. म्हणून उंची न वाढवता टायर थोडा मोठा करणे यात मूर्खपणा काहीच नाही. कातळावर गाडी नेणाऱ्यासाठी तो शहाणपणाचाच खर्च आहे. प्रश्न ‘थोडा’ म्हणजे किती, एवढाच आहे.

माझ्या चाकांचे वजन मी आंब्याच्या पेट्या तोलायच्या काट्यावर केले. मूळ टायर रिमसह २६ किलो भरला, नवा ३६. चाकागणिक दहा किलो, आणि तेही गाडीच्या टपावर ठेवलेले नव्हे, फिरणारे आणि शॉकॲब्जॉर्बरच्या खाली लोंबणारे. व्यास शेकडा सव्वासातने वाढला की प्रत्येक गिअर तितकाच लांब होतो. चढावर पहिला गिअर दमतो, याची तक्रार सगळे करतात. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाने गाडी धरून ठेवण्याची ताकदही तितकीच घटते आणि ब्रेकच्या त्याच दाबाला रस्त्यावर मिळणारा जोरही घटतो, याची चर्चा मात्र कोणी करत नाही. कोकणातल्या माणसाला चढापेक्षा उताराची काळजी अधिक असायला हवी.

स्पीडोमीटरचेही तसेच. चाकाच्या एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर जाते, पण काट्याला ते ठाऊक नसते. म्हणून काटा आधी ज्या वेगाला ८० दाखवत होता त्याच्या शेकडा सव्वासात अधिक वेगाने गाडी आता जाते, तरी काटा ८०च दाखवतो. यातच मायलेजचे एक कोडे दडलेले आहे. टाकी पूर्ण भरून मोजल्यावर माझी गाडी लिटरला बाराऐवजी दहा किलोमीटर देऊ लागली असे ओडोमीटर सांगत होता. पण तो स्वतःच अंतर कमी मोजत होता. खरा आकडा १०.७ च्या जवळ होता. म्हणजे दिसणाऱ्या घटीपैकी एक तृतीयांश घट नुसती कागदावरची होती. उरलेली मात्र खिशातली.

सहा महिन्यांनी मी ती चाके काढली आणि मूळ रिमवर २४५/७५ आर १६ हे टायर चढवले. रुंदी तीच, बाजूची भिंत थोडी उंच. व्यास ७७४ मिलिमीटर, म्हणजे मूळ मापापेक्षा २५ मिलिमीटरने जास्त. गाडी बारा मिलिमीटरच उचलली गेली, ऐकायला ते अगदीच किरकोळ वाटते. पण रुंदी न वाढल्यामुळे टायर आत कंट्रोल आर्मला, म्हणजे चाक धरणाऱ्या सस्पेंशनच्या दांड्याला, आणि बाहेर अस्तराला कुठेच लागत नाही, ऑफसेट मूळचाच राहिल्याने खड्ड्यात स्टिअरिंग हाताला हिसका देत नाही, वेगाच्या काट्यातला फरक शेकडा सव्वातीनवर आला, आणि रिमचा खर्च वाचला. २६५/७० आर १६ हाही पर्याय होता. त्याचा व्यास ७७७ मिलिमीटर असून तो सात इंची रिमवर चालतो. मी अरुंद टायर निवडला, कारण आमच्याकडच्या गाऱ्याखाली हात-दीड हातावर कातळ असतो आणि अरुंद टायर चिखल कापून त्या कातळापर्यंत लवकर पोहोचतो. समुद्राच्या पुळणीवर गाडी नेणाऱ्याचे मत वेगळे पडेल. आणखी एक व्यवहारी कारण सांगतो. महिंद्राच्या थारच्या १६ इंची रिमच्या प्रकाराला हेच माप असल्याने टायर फाटला तर तो मिळवायला मुंबई गाठावी लागत नाही. जून २०२० पासून केंद्राने नव्या टायरच्या आयातीवर निर्बंध घातल्यानंतर अनेक परदेशी मापे बेभरवशाची झाली आहेत. चार टायर हौसेने आणायचे आणि पाचव्यासाठी महिनोन्‌महिने थांबायचे, असे होऊ शकते.

पाचव्याचा उल्लेख सहज केलेला नाही. टायर बदलायचे तर पाच बदलावेत. आपल्या बहुतेक पिकअपच्या फोर-बाय-फोरमध्ये पुढचा आणि मागचा आस एकमेकांना कडक जोडले जातात, मध्ये फरक सोसणारे डिफरन्शियल नसते. तीन चाके मोठी आणि एक स्टेपनी लहान अशा अवस्थेत फोर-बाय-फोर लावून गाडी चालवली, तर तो फरक ट्रान्सफर केसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या आसांना ताकद देणाऱ्या गिअरपेटीच्या, दातांना सोसावा लागतो. शिवाय मोठा टायर हौद्याखालच्या स्टेपनीच्या जागेत मावतो का, हे पैसे देण्याआधी पाहावे. माझा २६५/७५ मावला नव्हता. तो सहा महिने हौद्यात, पेट्यांची जागा अडवून पडला होता.

माप ठरल्यावर टायरच्या भिंतीवर आणखी काही गोष्टी वाचायच्या असतात. १११ असा लोड इंडेक्स असेल तर तो टायर ठरलेल्या हवेला १०९० किलो पेलतो. नवा इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी असता कामा नये. आयएसआयचे चिन्ह हवे, ते २००९ च्या गुणवत्ता आदेशानुसार बंधनकारक आहे. चार आकडी तारीख पाहावी : २३२४ म्हणजे २०२४ मधला तेविसावा आठवडा. मापाच्या आधी ‘एलटी’ लिहिलेले असेल तर तो हलक्या मालवाहू गाडीचा जाड टायर. कपच्यांना तो चांगला तोंड देतो, पण तेच वजन पेलायला त्याला साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते, त्यामुळे दाराच्या चौकटीवर चिकटवलेला हवेचा तक्ता त्याला जसाच्या तसा लागू होत नाही. हवा किती ठेवावी याचा माझ्या वडिलांच्या काळापासूनचा उपाय खडूचा आहे. नेहमीचे ओझे भरून टायरच्या नक्षीवर आडवी जाड रेघ ओढावी आणि सरळ, कोरड्या रस्त्यावर थोडे अंतर जावे. रेघ मधलीच पुसली तर हवा जास्त, कडांची पुसली तर कमी, सगळी सारखी पुसली तर बरोबर. मात्र खडू काहीही सांगो, कंपनीने त्या टायरच्या त्या ओझ्यासाठी सांगितलेल्या हवेच्या खाली डांबरी रस्त्यावर जाऊ नये.

नक्षीबद्दल थोडक्यात. ज्यांची गाडी वर्षातले नऊ-दहा महिने महामार्गावर असते त्यांनी ‘मड टेरेन’च्या, म्हणजे खास चिखलासाठीच्या नक्षीच्या, वाट्याला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या मोठ्या गोट्यांमधल्या रिकाम्या जागेमुळे ओल्या डांबरावर किंवा काँक्रीटवर रबर कमी टेकते आणि थांबायला अंतर जास्त लागते. कोकणात पाऊस चार महिने असतो आणि त्यातला बराचसा प्रवास चिखलातून नव्हे, भिजलेल्या डांबरावरून होतो. रस्ता आणि चिखल दोन्हींसाठी असलेला ‘ऑल टेरेन’ पुरतो. शेवाळलेल्या कातळावर दोन्हीही सारखेच निरुपयोगी आहेत, तिथे फक्त सावकाशपणा उपयोगी पडतो.

आता कायद्याकडे वळतो, कारण संपादक महाशय, पत्र लिहिण्याचे खरे निमित्त तेच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हे कलम कडकपणे वाचले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. शिक्षा स्पष्ट आहे. मात्र मूळ मापापेक्षा २५ मिलिमीटरने मोठा, पुरेशा लोड इंडेक्सचा आणि मडगार्डच्या आत राहणारा टायर हा ‘बदल’ ठरतो की नाही, हे मला दोन दुकानदारांनी, एका विमा प्रतिनिधीने आणि नाक्यावरच्या एका पोलिसाने चार वेगवेगळ्या प्रकारे सांगितले. परिणाम असा की बारा मिलिमीटर उंची घेणारा आणि शून्य ऑफसेटच्या रिमवर चार सेंटीमीटर बाहेर जाणारा, दोघेही एकाच अनिश्चिततेत गाडी चालवतात, आणि मग दुसऱ्याला पहिल्यासारखे वागण्याचे कारणच उरत नाही.

ऑस्ट्रेलियात, जिथे अशा पिकअप शेतोशेती आहेत, वाहनबदलाच्या राष्ट्रीय संहितेत फोर-बाय-फोर गाड्यांसाठी उत्पादकाने दिलेल्या सर्वांत मोठ्या टायरपेक्षा व्यासात ५० मिलिमीटरपर्यंतची वाढ मान्य केलेली आहे. तो आकडा आपण जसाच्या तसा उचलावा असे मी म्हणत नाही. आपल्या गाड्यांवरचे ओझे आणि आपले घाट पाहता मी तो याच्या निम्माच सुचवीन. पण आकडा असला की दुकानदाराला ‘हे बसवत नाही’ असे सांगता येते, पोलिसाला मोजपट्टी लावता येते आणि विमा कंपनीला अपघातानंतर नवा अर्थ काढता येत नाही. माझ्या गाडीच्या मूळ टायरपासून मोजले तर दुकानदाराने दिलेला माझा पहिला टायर त्या उदार मर्यादेतही बसला नसता.

राज्याच्या परिवहन विभागाला माझी विनंती आहे की, उत्पादक आणि केंद्रीय मंत्रालय यांच्याशी बोलून व्यासवाढीची, ऑफसेट-बदलाची आणि लोड इंडेक्सची मर्यादा सांगणारे एक पानी मराठी परिपत्रक काढावे आणि ते टायरच्या प्रत्येक दुकानात दर्शनी भागात लावणे सक्तीचे करावे. टायर विक्रेत्यांच्या संघटनांनी त्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. बिलावर टायरच्या मापाबरोबर रिमची रुंदी, ऑफसेट आणि चाकाचे वजन लिहायला कोणाचीही परवानगी लागत नाही. माझ्या बिलावर फक्त ‘चाके, ५ नग’ एवढेच लिहिलेले आहे.

ती पाचही चाके सध्या आंब्याच्या पडवीत आहेत. विकत घ्यायला आतापर्यंत तिघे येऊन गेले. तिघांनाही मी आपल्या गाडीच्या रिमवरचा ईटीचा आकडा वाचून या, मग दराचे बोलू, असे सांगितले. त्यांपैकी एकजण आकडा घेऊन परत आला, पडवीतल्या रिमवरचे शून्य त्याने बोट फिरवून पाहिले आणि चहा घेऊन चाके न नेताच गेला.

आपला,
एक आंबा बागायतदार,
राजापूर तालुका, जि. रत्नागिरी